साखळीतले दुवे

इसवी सन १९६२ मध्ये बंगळूर येथे भारतीय सांख्यिकी संस्थेच्या आश्रयाने एक केंद्र सुरू झाले. ‘प्रलेखन संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र’ असे त्याचे भारदस्त नाव. विद्यार्थी मोजकेच घेतले जात, आणि शहरातल्या सामान्य माणसाला तेथे नेमके काय चालते हे सांगता आले नसते. या केंद्राच्या मागे दोन मोठी माणसे उभी होती. संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबीस हे एक, आणि ग्रंथालयशास्त्राचे आचार्य शियाळी रामामृत रंगनाथन हे दुसरे. रंगनाथन त्या वेळी सत्तरीला पोहोचले होते. वयाच्या ज्या टप्प्यावर माणसे आत्मचरित्र लिहावयास घेतात, त्या टप्प्यावर हा गृहस्थ नव्या विद्यार्थ्यांना ग्रंथांच्या क्रमांकाची साखळी कशी सोडवावी हे शिकवू लागला.

‘दुवा’ म्हटले की मराठी माणसाला साखळीची कडी आठवते. जुन्या पिढीला फकिराचा आशीर्वादही आठवेल. आजच्या तरुणास मात्र पडद्यावरची ती अधोरेखित अक्षरे आठवतात, जिच्यावर बोट टेकताच दुसरे पान उघडते. महाजालावरच्या पानातून असे सगळे दुवे वेचून त्यांची यादी करणारी आज्ञावली लिहिणे हा संगणक शिकणाऱ्याचा एक आरंभीचा धडा झाला आहे. काम अगदी आजचे वाटते. परंतु खुणांनी भरलेल्या ओळीतून ठराविक नियमाने दुवे सुटे करणे, त्यांतले खोटे बाजूस सारणे आणि उरलेल्यांची सूची रचणे ही रीत रंगनाथनांनी संगणकाचे नावही ठाऊक नसलेल्या काळात कागदावर बसविली होती. आपल्या रीतीतल्या घटकास त्यांनी दिलेले नावही ‘दुवा’ हेच होते.

रंगनाथन मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि त्याच वर्षी ग्रंथालयांचा अभ्यास करण्यासाठी ते लंडनला गेले. तेथील एका मोठ्या दुकानात मुलांच्या एका खेळण्याचे प्रात्यक्षिक त्यांनी पाहिले. लोखंडी पट्ट्या, चाके, मळसूत्रे आणि दोऱ्या तेवढ्याच. पण जोडणी बदलली की कधी पूल उभा राहतो, कधी गाडी. ग्रंथाचा विषयही असाच सुट्या भागांतून जोडावा, हे त्यांना तेथे सुचले. तोवरच्या वर्गीकरणांत प्रत्येक विषयाला आधीच खोली नेमून दिलेली असे; नवा विषय आला की त्याला कोणाच्या तरी खोलीत कोंबावे लागे. रंगनाथनांनी भाग तयार ठेवले आणि ते जोडण्यासाठी एक चिन्ह घेतले: एकाखाली एक अशी दोन टिंबे. म्हणून १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पद्धतीचे नाव ‘द्विबिंदू वर्गीकरण’ पडले. पुढे स्वल्पविराम, अर्धविराम, साधे टिंब आणि अक्षराच्या डोक्यावर काढतात तो वरचा स्वल्पविराम अशी आणखी चिन्हे आली, आणि कोणते चिन्ह कोणत्या प्रकारच्या भागापूर्वी येणार हे ठरून गेले. टिंब दिसले की पुढे स्थळ येणार, वरचा स्वल्पविराम दिसला की काळ.

क्षयरोगी फुप्फुसांवर क्ष-किरणांनी करावयाच्या उपचाराविषयी भारतात १९५० च्या सुमारास झालेले संशोधन, असा एक लेख आहे असे समजू. या पद्धतीत त्याचा क्रमांक असा होतो: एल,४५;४२१:६;२५३:एफ.४४'एन५. पाहणाऱ्याला हे मंत्राक्षर वाटेल, पण जाणकार ते सरळ वाचतो. एल म्हणजे वैद्यक, ४५ म्हणजे फुप्फुसे, ४२१ म्हणजे क्षय, ६ म्हणजे उपचार, २५३ म्हणजे क्ष-किरण, एफ म्हणजे संशोधन, ४४ म्हणजे भारत, आणि एन५ म्हणजे काळ. मधली विरामचिन्हे वाचावयाची नसतात. कोणता भाग कोठे संपला आणि पुढचा कोणत्या जातीचा आहे, हे ती मुकाट्याने सांगत असतात.

आता प्रश्न वाचकाचा. त्याला हा क्रमांक ठाऊक नसतो. तो ‘क्षय’ हा शब्द मनात घेऊन येतो, किंवा ‘फुप्फुसे’, किंवा ‘क्ष-किरण’. सूचीत या प्रत्येक शब्दाखाली त्याला वाट सापडली पाहिजे. पाच पदांचा विषय प्रत्येक संभाव्य क्रमाने नोंदवावयाचा म्हटले तर १२० नोंदी होतात. एवढी पत्रे कोणते ग्रंथालय लिहिणार? आणि कोणते शब्द घ्यावे, कोणते सोडावे, हे सूचीकाराच्या लहरीवर ठेवले तर सकाळची सूची आणि संध्याकाळची सूची जुळावयाची नाही. रंगनाथनांनी १९३८ च्या आपल्या सूचीशास्त्रावरील ग्रंथात यावर ‘साखळी पद्धत’ मांडली. क्रमांकाचे पहिले अक्षर घ्यावे, त्याचा अर्थ लिहावा. मग एक चिन्ह वाढवावे, पुन्हा अर्थ लिहावा. असे शेवटापर्यंत जावे. प्रत्येक पायरी हा एक दुवा. मग साखळी खालून वर वाचावी. प्रत्येक दुव्याचे नाव आघाडीला घेऊन त्यामागे गरजेपुरते वरचे दुवे जोडावे. अशा रीतीने ‘क्षय, फुप्फुसे, वैद्यक’ ही एक नोंद झाली, ‘फुप्फुसे, वैद्यक’ ही दुसरी. पाच पदे, तर नोंदी फार तर पाच.

यात खरी मौज पुढे आहे. वरच्या क्रमांकात ‘एल’ या अक्षरानंतर स्वल्पविराम येतो. ‘एल आणि स्वल्पविराम’ ही पायरी यांत्रिकपणे दुवा ठरते खरी, पण तिला जगात कोणताही विषय जुळत नाही. याला रंगनाथन ‘खोटा दुवा’ म्हणत. भारताचा आकडा ४४; त्यातला पहिला ४ हा आशिया खंडाचा. दुवा खरा आहे, परंतु भारतातील क्षयसंशोधन शोधणारा वाचक ‘आशिया’ हा शब्द घेऊन कशाला येईल? हा ‘न शोधला जाणारा दुवा’. काळाचा दुवाही प्रायः याच वर्गात टाकला जाई. कोठे अनुक्रमात मधलीच कडी नसते. तो ‘हरवलेला दुवा’. म्हणजे साखळी सोडविण्याचे काम कोणाही कारकुनाकडे, उद्या यंत्राकडेही द्यावे. मात्र सोडविलेल्या कड्यांपैकी कोणती ठेवावी यासाठी वाचकाचा विचार करणारा माणूस हवा. गणिती शिस्त आणि ग्रंथपालाचा विवेक यांची अशी वाटणी करणे हा रंगनाथनांचा खरा पराक्रम होय. वाचकाचा वेळ वाचविणे हे तत्त्व त्यांनी १९३१ मध्येच ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत घातले होते; ते येथे रोजच्या कामात उतरले.

पद्धत दूरवर गेली. ब्रिटिश राष्ट्रीय ग्रंथसूचीने १९५० मध्ये पहिल्या अंकापासून ती स्वीकारली, आणि तीही दुसऱ्याच वर्गीकरणाच्या, म्हणजे ड्यूई यांच्या दशांश पद्धतीच्या, क्रमांकावर लावून. भारतीय राष्ट्रीय ग्रंथसूची १९५८ पासून कलकत्त्याहून निघू लागली. तीत मराठी पुस्तकेही नोंदली गेली, परंतु रोमन लिपीत. आपल्या भाषेतले पुस्तक परक्या लिपीत शोधावयाचे, ही अडचण मराठी वाचकाला तेव्हापासून भेटलेली आहे. तिचा मुलाहिजा पुढे आणखी एकदा घ्यावा लागेल. मराठीपुरते पाहिले तर शंकर गणेश दाते यांनी १८०० पासूनच्या मराठी पुस्तकांची सूची केली, तीमुळे शेकडो पुस्तके विस्मृतीतून वाचली. सूचीत नसलेले पुस्तक कपाटात असूनही नसल्यासारखेच असते, हे ज्याने जुन्या ग्रंथालयात एखादे दुपार घालविली आहे त्याला सांगावयास नको.

साखळी पद्धतीत दोषही होते. ‘क्षय’ या शब्दाखाली पाहणाऱ्याला फुप्फुसे आणि वैद्यक एवढेच दिसे; क्ष-किरण, संशोधन, भारत हे खालचे दुवे त्या नोंदीत नसत. अर्ध्या वाटेवर सोडून ‘पुढे विचारा’ म्हणणाऱ्या वाटाड्यासारखे ते होते. ब्रिटिश ग्रंथसूचीने १९७० नंतर ती सोडली. बंगळूरच्या केंद्रातही गणेश भट्टाचार्य आणि ए. नीलमेघन यांनी साठीच्या दशकाच्या अखेरीपासून विषयांची पदे नव्या रीतीने मांडण्याचे काम हाती घेतले. रंगनाथन १९७२ च्या सप्टेंबरात बंगळुरातच वारले.

महाजाल जन्मले ते अगदी वेगळ्या घरात. येथे वंशावळ जोडण्याचा मोह आवरला पाहिजे. रंगनाथनांचे ग्रंथ वाचून कोणी महाजाल विणले नाही. त्याच्या खुणांचा उगम छापखान्यात आहे. हस्तलिखिताच्या समासात ‘हा मथळा ठळक’, ‘येथे नवा परिच्छेद’ अशा सूचना खिळे जुळविणाऱ्यासाठी लिहिण्याची चाल जुनीच. १९६९ च्या सुमारास अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी यांनी अशा खुणा यंत्राला कळतील अशा रचल्या, आणि खूण दिसण्याविषयी नसावी, त्या भागाच्या स्वरूपाविषयी असावी, असे धरले. ‘मोठ्या अक्षरांत छापा’ असे न सांगता ‘हा मथळा आहे’ असे सांगावयाचे. या परंपरेला १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचे रूप आले. तीमधूनच जिनीव्हाजवळच्या ‘सर्न’ या प्रयोगशाळेतील टिम बर्नर्स-ली यांनी महाजालाच्या पानांसाठी खुणांची साधी भाषा घेतली. त्यांचा पहिला प्रस्ताव १९८९ चा.

या भाषेत प्रत्येक खूण कोनी कंसांत लिहितात. दुव्याची खूण ‘ए’ या एकाक्षराची. हे अक्षर नांगर या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर आहे. तिच्या पोटात ‘एचरेफ’ असा शब्द, मग बरोबरचे चिन्ह, आणि अवतरणचिन्हांत दुसऱ्या पानाचा पत्ता. उघडणाऱ्या आणि मिटणाऱ्या खुणेच्या मध्ये वाचकाला दिसणारी अक्षरे. कंस पडद्यावर दिसत नाहीत. रंगनाथनांच्या विरामचिन्हांप्रमाणे ते वाचावयाचे नसतात, केवळ सांगावयाचे काम करतात. दुवे वेचणारी आज्ञावली एवढेच करते: पान अक्षर अक्षर वाचत जाते, ही खूण आली की तिच्यातला पत्ता आणि मधले नाव उचलते, आणि जोडी यादीत टाकते.

सांगण्यास हे सोपे. करू जाता जुनेच दुखणे पुन्हा उभे राहते. उतावळा नवशिक्या ‘एचरेफ’ हा शब्द पानात जेथे जेथे आढळेल तेथून पुढचा पत्ता उचलावा, अशी आज्ञावली लिहितो. लेखकाने स्वतःसाठी लिहून झाकून ठेवलेल्या टिपणात तो शब्द असेल तर तोही उचलला जातो. रद्द केलेल्या मजकुरातला दुवा जिवंत म्हणून यादीत येतो. हा खोटा दुवा. पानाच्या माथ्यावर आणि तळाशी ‘मुखपृष्ठ’, ‘संपर्क’, ‘वर जा’ असे दुवे प्रत्येक पानावर तेच ते असतात. ते खरे, पण ज्ञानाच्या शोधात निघालेल्याला निरुपयोगी. हे न शोधले जाणारे दुवे. आणि काही पत्ते अपुरे असतात: ‘एक पायरी वर जाऊन शेजारी पाहा’ एवढेच त्यांत लिहिलेले. ‘शेजारच्या वाड्यात’ हा पत्ता कोणाच्या शेजारच्या हे कळल्याशिवाय काय कामाचा? म्हणून आज्ञावलीला मूळ पानाचा पूर्ण पत्ता त्या अपुऱ्या पत्त्यामागे जोडावा लागतो. सूचीतल्या ‘फुप्फुसे’ या शब्दामागे रंगनाथन ‘वैद्यक’ जोडत असत, त्याचीच ही दुसरी आवृत्ती.

त्यातून ही पाने लिहिणारी माणसे निष्काळजी. कोणी खूण उघडतो आणि मिटवावयास विसरतो, कोणी अवतरणचिन्ह एकाच बाजूस देतो. अशा पानांना संगणकाच्या जगात विनोदाने ‘खुणांची आमटी’ म्हणता येईल असे नाव आहे. पायथन या भाषेत लिहिणाऱ्यांसाठी लेनर्ड रिचर्डसन यांनी २००४ मध्ये अशी पाने सोडवून देणारे एक साधन तयार केले आणि त्याचे नाव ‘ब्यूटिफुल सूप’ ठेवले. हे साधन शब्दांमागे धावत नाही. कोणती खूण कोणाच्या पोटात आहे हे पाहून ते आधी साऱ्या पानाचा वृक्ष उभा करते. मग कोणत्या फांदीवरचे दुवे हवेत हे मागणाऱ्याने सांगावयाचे. तळाची फांदी वगळा म्हटले की निरुपयोगी दुव्यांचा ढीग एकदम गळून पडतो. आधी रचना समजून घेणे आणि मग वेचणे, या क्रमामुळेच हे साधन इतक्यांच्या हाती टिकले असावे.

दुवे वेचण्याचे वेड तसे आरंभापासूनचे. १९९३ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेतल्या मॅथ्यू ग्रे यांनी महाजाल केवढे आहे हे मोजण्यासाठी एका पानावरचे दुवे घेऊन पुढच्या पानावर जाणारी फिरती आज्ञावली सोडली. अशा पाहुण्यांचा यजमानांना त्रास होऊ लागला, तेव्हा १९९४ मध्ये मार्टिन कोस्टर यांनी एक साधी चाल सुचविली: आपल्या दाराशी कोठे यावे आणि कोठे येऊ नये याची पाटी लावावी, आणि आलेल्या आज्ञावलीने ती आधी वाचावी. पाटी न वाचता आत शिरणारे पुष्कळ आहेत; पाटी मात्र अजून लागते.

वेचलेल्या दुव्यांचे मोल काय, हा प्रश्नही ग्रंथालयवाल्यांनीच प्रथम हाताळला होता. अमेरिकेतले वकील १८७३ पासून शेपर्ड यांची सूची वापरत. कोणत्या निकालाचा आधार पुढे कोणत्या निकालांत घेतला गेला हे तीत पाहावयास मिळे. त्यापासून स्फूर्ती घेऊन यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये विज्ञानलेखांच्या संदर्भांची सूची सुचविली आणि १९६४ पासून ती नियमित काढली. १९९८ मध्ये सर्गे ब्रिन आणि लॅरी पेज या दोन विद्यार्थ्यांनी हाच विचार महाजालाला लावला. पानाकडे आलेला दुवा म्हणजे त्या पानाला मिळालेले मत. आणि मत देणाऱ्याला स्वतःला किती मते आहेत यावर त्याच्या मताचे वजन. गूगलचा पाया हा. जुन्या सूचीत नसलेले पुस्तक जसे कपाटातच हरवे, तसे ज्या पानाकडे एकही दुवा येत नाही ते पान आता जगाच्या दृष्टीने जवळजवळ नाहीसेच होते.

बंगळूरकडे पुन्हा वळावयाचे ते येथे. २००२ साली तेथील भारतीय विज्ञान संस्थेने आपल्या संशोधकांच्या लेखांचे खुले भांडार महाजालावर मांडले. संस्थेतील राष्ट्रीय विज्ञान माहिती केंद्राचे टी. बी. राजशेखर यांनी त्या कामात पुढाकार घेतला होता. अशा भांडारांतून नोंदी गोळा करण्याची एक सर्वमान्य रीत २००१ मध्ये ठरली होती. तीनुसार भांडार आपली प्रत्येक नोंद पंधरा ठराविक खुणांत देऊ करते. कर्ता कोण, शीर्षक काय, पत्ता कोणता, हे खूणच सांगते. येथे अंदाजाला वाव नाही, म्हणून खोट्या दुव्याची भीतीही फारशी नाही. खुणा करताना घेतलेले कष्ट वेचताना वाचतात. द्विबिंदूंच्या त्या क्रमांकात हाच सौदा होता.

मराठीच्या वाट्याला मात्र हा सौदा उशिरा आला. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस मराठी वृत्तपत्रे महाजालावर आली तेव्हा प्रत्येकाचा टंक निराळा. पडद्यावर सुंदर देवनागरी दिसे, पण आत साठविलेली असत ती रोमन अक्षरे. टंकाने त्यांना देवनागरीचा वेष चढविलेला. दुवे वेचणाऱ्या आज्ञावलीला पत्ता बरोबर मिळे, आणि त्याचे नाव म्हणून रोमन अक्षरांचा अर्थहीन पुंजका. ज्या दुव्याला कोणत्याही भाषेत नाव नाही तो खोटा, हे रंगनाथनांचे माप लावले तर त्या काळची अवघी मराठी पाने खोट्या दुव्यांनी भरलेली ठरतील, आणि तीही लिहिणाऱ्यांचा काही अपराध नसताना. युनिकोड या सर्वमान्य संकेतात देवनागरीला १९९१ पासूनच जागा होती. ती घेण्यास आपल्याकडे वर्षे लागली. मधल्या काळातल्या पुष्कळ पानांचे टंक आज मिळत नाहीत, आणि ती पाने यंत्राला तर नाहीच, माणसालाही वाचता येत नाहीत.

युनिकोडनंतरही दुव्याच्या पत्त्यात देवनागरी अक्षर सरळ प्रवास करीत नाही. ते शेकड्याच्या चिन्हांनी आणि रोमन संकेतांनी बांधून पाठवावे लागते. ‘मराठी’ हा तीन अक्षरांचा शब्द अशा वेषात ४५ चिन्हे लांब होतो. आज्ञावलीने ही गाठोडी सोडून मूळ शब्द काढला तरच यादी मराठी माणसाच्या कामाची. १९५८ ची ती रोमन लिपीतली अडचण हीच. फक्त आता ती सोडविण्यास कारकून लागत नाही, दोन ओळींची आज्ञा पुरते.

मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला. तेथे दुव्याची खूण दुहेरी चौकोनी कंसांची, आणि मधला शब्द देवनागरीत. लेखकाने एखाद्या गावाचे किंवा ग्रंथकाराचे नाव त्या कंसांत घातले आणि त्या नावाचे पान अजून कोणी लिहिलेले नसले, तर तो दुवा तांबड्या रंगात दिसतो. वेचणारी आज्ञावली निळे आणि तांबडे दोन्ही सारख्याच तत्परतेने उचलते. तांबडे तेवढे निराळे करा म्हटले तर अर्ध्या क्षणात मराठीत अजून न लिहिलेल्या पानांची यादी हाती येते. बंगळूरच्या त्या वर्गात अशा जागेला ‘हरवलेला दुवा’ म्हटले असते, आणि विद्यार्थ्याने साखळी मांडताना तेथे रिकामी ओळ सोडली असती.